गोदीतल्या धुळीचा दावा

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली, तेव्हाच मी ओळखलं की बातमी बरी नाही. वेलिंग्टनच्या त्या हॉस्पिटलात तोवर सगळे माझ्याशी उभ्या उभ्याच बोलले होते. त्या म्हणाल्या, मेसोथेलिओमा. म्हणजे फुप्फुसाभोवती जे पातळ आवरण असतं, त्याचा कॅन्सर. तो बहुतेक अ‍ॅसबेस्टॉसच्या धुळीने होतो आणि धूळ छातीत गेल्यावर कित्येक वर्षांनी वर येतो. मग त्यांनी विचारलं, मी कुठे काम करत होते, कारखान्यात की जहाजांवर?

माझ्या मुलीने, अश्विनीने, प्रश्न मराठीत सांगितला. मी म्हटलं, "मी कुठली जहाजांवर जातेय? मी घरीच होते."

शेजारी बसलेले हे मात्र खाली बघू लागले. मुंबईच्या गोदीत यांनी उमेदीची सगळी वर्षं जहाजांच्या वाफेच्या नळांना अ‍ॅसबेस्टॉस गुंडाळण्यात घालवली. संध्याकाळी घरी यायचे ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. ते कपडे मी आधी गॅलरीत झटकायची, मग मोरीत भिजवायची. यांची स्वतःची छाती आजही ठणठणीत आहे.

सुरुवात साध्या धापेने झाली होती. वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआत अश्विनीचं घर चढावर आहे, आम्ही तिच्याकडेच राहतो. कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, दूध-ब्रेड घेऊन येताना मी मध्येच थांबू लागले. म्हटलं वय झालं, त्यात इथला वारा. पुढे छातीत पाणी झालं. ते नळी घालून काढलं आणि बायोप्सी केली, म्हणजे आवरणाचा छोटा तुकडा काढून तपासला. तुमच्या घरात कुणी असं काम केलेलं असेल आणि तुम्हाला धाप लागत असेल, तर डॉक्टरांना आपणहून सांगा. मी बाईमाणूस, माझा काय संबंध, असं म्हणत बसू नका. मी तेच म्हणत बसले.

ओळखीच्या मराठी मंडळींना आम्ही 'छातीत पाणी झालंय' एवढंच सांगितलं. लाज कॅन्सरची नव्हती. लाज वाटत होती ती मला यांचा राग येत होता त्याची. हे सकाळी चहा करून आणत, उशी सारखी करत, आणि जिना धडाधड चढत. त्या पावलांचा आवाज मला सोसवत नसे. धूळ यांनी आणली आणि श्वास माझा गेला, असं मनात येई. दोष यांचा नाही हे कळत होतं, तरी येई.

जावई निखिल दाव्याच्या मागे लागला. इथे अशा आजारासाठी मालकावर खटला भरत नाहीत, सरकारी योजना भरपाई देते. पण धूळ याच देशातल्या कामावरची हवी. मुंबईचे वकील फोनवर म्हणाले, कामगारांचा कायदा कामगारासाठी, त्याच्या बायकोसाठी नाही. दिवाणी दावा लावता येईल, पण यांचा ठेकेदार केव्हाच गाशा गुंडाळून गेलेला. "आणि निकाल लागेपर्यंत काकू..." तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. मला तर बरंच वाटलं, उरलेले दिवस कोर्टकचेरीत घालवायचे नव्हते.

हे मात्र हट्टाला पेटले. "इथलं नाही तर तिथलं. मला कुठलंही कोर्ट चालेल."

"बाबा, आपण जिंकणार नाही," निखिल म्हणाला.

"जिंकायचंय कुणाला? मला साक्ष द्यायचीय. कुणीतरी मला विचारायला हवं ना."

त्याच आठवड्यात केमोथेरपी, म्हणजे सलाइनमधून द्यायचं कॅन्सरचं औषध, सुरू झाली. हे शेजारी बसले होते. मी म्हटलं, "कोर्ट मिळत नाही ना? मग मला सांगा. मी ऐकते."

हे ताठ बसले. म्हणाले, "धुळीवर उतारा म्हणून ठेकेदार रोज आम्हाला गुळाचा खडा द्यायचा. मी तो कधी खाल्ला नाही. तुला आवडतो म्हणून शर्टाच्या खिशात घालून आणायचो. त्याच शर्टाच्या." आणि हे रडू लागले.

ही धूळ श्वासातून जाते, गुळाने ना ती उतरते ना बाधते, हे डॉक्टरीणबाईंनी मला आधीच सांगितलं होतं. मी ते त्या क्षणी सांगू शकत होते. सांगितलं नाही. राग म्हणाला, रडू दे अजून थोडं. मी सलाइनकडे बघत राहिले. या सगळ्या आजारपणात मला सर्वांत जास्त लाज वाटते ती त्या गप्प बसण्याची.

नर्स आली, बाटली बघून "ऑल गुड?" म्हणाली आणि गेली. मग मी म्हटलं, "गुळाने काही झालेलं नाही. मी विचारलं होतं. आणि धूळ वाईट असते हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

"नाही."

"मलाही नाही."

माझा आजार बरा होणारा नाही. डॉक्टर आणि नर्सेसनी मला परकं मानलं नाही, त्यांचे उपकार आहेत. यांचा राग अजूनही येतो. आता आला की मी तो यांनाच सांगते, आणि हे हातातलं काम ठेवून माझ्यासमोर येऊन बसतात.