दोन वाजताचं दार

ऑपरेशन थिएटरमध्ये तिला सगळे फौजदारीण म्हणत, अर्थात पाठीमागे. सव्वीस वर्षं ती भुलीच्या मशीनवर तंत्रज्ञ होती. नळ्या जोडायच्या, सिरिंजा भरून ठेवायच्या आणि डॉक्टरांची बोलणी खायची. तोंड मात्र असं फटकळ, की नवे डॉक्टर तिच्याशी जपूनच बोलत.

तिचं डोकं फिरायचं दुपारी दोनला. ऑपरेशन अर्ध्यावर असताना भूल देणाऱ्या डॉक्टरांची पाळी बदले. सकाळचे डॉक्टर टोपी काढता काढता "सगळं ठीक आहे" म्हणत आणि सटकत. अहो, हॉटेलातून उठतानाही माणूस मागे वळून बघतो, चष्मा राहिला का म्हणून! इथे जिवंत माणूस टेबलावर टाकून निघालेत आणि चार वाक्यं बोलायचं यांच्या जिवावर येतं.

काही वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण याच टेबलावर होती, साध्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला. रक्तदाब दोनदा कोसळला होता, पण सकाळच्या डॉक्टरांनी दुपारच्यांना ते सांगितलंच नाही. तिसऱ्यांदा कोसळला तेव्हा कारण शोधण्यातच वेळ गेला. बहीण गेली. कागदावर 'गुंतागुंत' एवढा एकच शब्द. तो आठवला की आजही तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तेव्हापासून दोनला ती दारात उभी राहते. परवाही राहिली.

"बाजूला व्हा, बाई. घाईत आहे मी."

"आधी सांगून जा. काय दिलं, काय झालं, काय करायचं नाही."

"तुम्ही मला शिकवणार? तक्रार करीन तुमची!"

"खुशाल करा. पण आधी सांगा."

डॉक्टर दातओठ खात वळले आणि पाढे म्हटल्यासारखं सांगू लागले. वय, वजन, औषधं. मग अडखळले. "हां, सकाळी अँटिबायोटिक दिल्यावर हातावर गांधी उठल्या होत्या. पुन्हा देऊ नका."

दुपारची डॉक्टर वयाने फौजदारणीच्या मुलीएवढी. तिच्या हातात त्याच औषधाची भरलेली सिरिंज होती. तिने ती खाली ठेवली.

फौजदारीण दारातून सरली. डॉक्टर निघून गेले, आभार वगैरे दूरच.

"मावशी," ती पोरगी हळूच म्हणाली, "एवढा राग कुणाचा हो?"

"माझाच." तिने सिरिंज उचलून कचऱ्यात टाकली. "बहिणीच्या वेळी 'उशीर होतोय, जा साहेब' म्हणत हे दार मीच उघडून धरलं होतं."