कंडक्टरबाईंचा वळसा

आमदार झाल्या तरी लोक त्यांना कंडक्टरबाईच म्हणत, आणि त्याही खुशाल ओ देत. अर्धं आयुष्य शहर बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेलेलं. "पुढे सरका, दार मोकळं ठेवा" हे त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की विधिमंडळातल्या पहिल्याच भाषणात ते निसटलं आणि अध्यक्षांसकट सगळे हसले. बाई कशाला लाजतायत! पुढच्या बाकावरचे दोघंजण खरंच सरकले होते.

त्यांची गाडी चालवायचा त्यांचा नवरा. तोही त्याच बस डेपोतला, निवृत्त ड्रायव्हर. नोकरीत असताना घंटी हिच्या हातात आणि स्टेअरिंग त्याच्या. आताही तेच, फक्त गाडी लहान झाली, असं तो म्हणायचा.

आठवड्यातले पहिले दिवस राजधानीत जायचे, शुक्रवार फिरण्यात, आणि शनिवार लोकांचा. कार्यालय म्हणजे एक बंद पडलेलं चपलांचं दुकान. बाई टेबलामागे बसतच नसत. चपला घालून बघायचं एक बुटकं स्टूल तिथे राहिलं होतं, त्यावर त्या बसत आणि आलेल्या माणसाला खुर्ची देत. सांगणाऱ्याने वरून सांगावं, ऐकणाऱ्याने खालून ऐकावं, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

आणि नियम एकच. डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुठल्या साहेबाला फोन करायचा नाही. गटार तुंबलंय म्हणालात, तर बाई आधी गटारापाशी उभ्या राहणार आणि तिथून फोन लावणार. साहेब लोकांची भारी पंचाईत व्हायची. "माहिती घेतो" म्हणून वेळ मारून न्यायची सोयच नाही. बाई म्हणणार, "माहिती कशाला घेताय, मी बघतेच आहे. तुम्ही या."

साथ ओसरली होती, पण साथीने मागे ठेवलेला पसारा काही ओसरत नव्हता. त्या शनिवारी आधी शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. शाळा इतके दिवस बंद होती, की उघडली तेव्हा पोरं वाढलेली आणि बाकं तेवढीच. गुडघे आत जात नव्हते. त्यांच्यामागे एक म्हातारे गृहस्थ. आजारातून उठले होते, पण छाती पूर्वीची राहिली नव्हती. दवाखान्याचा चढ एका दमात चढवत नाही, मध्यावर टेकायला काहीतरी द्या म्हणत होते.

"अहो, मग तुमचं दोघांचं लग्नच लावते," बाई म्हणाल्या. गृहस्थ दचकले. "म्हणजे शाळेच्या बाकांचं आणि तुमच्या चढाचं हो! शाळेला मोठी बाकं मिळवून देते. लहानातलं एक तुमच्या चढावर. उरलेल्यांचं काय करायचं ते बघते. चला, पुढे सरका."

असं चाललं होतं झकास. मग पाळणाघराच्या काकू आल्या, आणि त्यांच्यामागे कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री करणारी एक तरुण बाई. तिच्या खांद्यावर पोर झोपलेलं.

काकूंचं पाळणाघर वस्तीच्या हॉलमध्ये चालायचं. साथीत हॉलचा दवाखाना केला, तिथे खाटा लागल्या. रोगी गेले, डॉक्टर गेले, खाटा तिथेच. आरोग्यवाले म्हणत, इमारत तपासून होऊ दे, मग खाटा उचलतो. इमारतवाले म्हणत, खाटा उचला, मग तपासतो. काकूंकडे किल्ली होती, पण सरकारी खाटांना हात लावायची परवानगी नव्हती. दोन साहेबांच्या या टोलवाटोलवीत काकूंच्या नाकी नऊ आले होते.

"बाई, सोमवार शेवटचा," काकू म्हणाल्या. "सोमवारी ही कामावर उभी राहिली नाही, तर हिची जागा दुसरीला देणार आहेत. आणि ही एकटी नाही. माझ्याकडे पोरं ठेवणाऱ्या सगळ्या आयांचं हेच."

"घरी सांभाळायला कोणी नाही हो," इस्त्रीवाली म्हणाली. "सासूबाई होत्या, त्या गेल्या साथीत."

बाई स्टुलावर चुळबुळल्या. "मी परवाच दोघांनाही फोन केला होता. पुन्हा करते."

"फोन केलेत, नाही कशाला म्हणू? पण तुम्ही आला नाहीत." काकूंचा आवाज चढला. "गटार बघायला आलात. दिव्याचा खांब बघायला शिडीवर चढलात, पदर खोचून! आणि हॉल बघायला एकदासुद्धा नाही. तुम्ही बघितल्याशिवाय हलतंय का काही इथे?"

दारात उभा असलेला नवरा हातातल्या गाडीच्या किल्लीकडे बघत राहिला.

कारण त्याला ठाऊक होतं. खाटा मिळत नव्हत्या त्या दिवसांत बाई रात्रंदिवस फोनला चिकटून लोकांना खाटा मिळवून देत होत्या. त्यातच त्यांची धाकटी बहीण आजारी पडली. तिलाही खाट मिळाली, याच हॉलमध्ये. बाईंनीच तिला दारापर्यंत सोडलं. धीर द्यायला म्हणाल्या, "चल, पुढे सरक." ती मास्कआडून म्हणाली, "माझं तिकीट काढलंस ना गं, कंडक्टर?" नातेवाइकांना दाराच्या आत सोडत नव्हते. धाकटी आत गेली ती गेलीच. खाट आपणच मिळवून दिली, हे बाईंच्या काळजात रुतून बसलं होतं.

कार्यालयातून घराकडे जाणारा सरळ रस्ता हॉलवरून जातो. तेव्हापासून गाडी कधी त्या रस्त्याने गेली नाही. चौकात आलं की नवरा डावीकडे वळायचा, बाजाराच्या गर्दीतून हॉर्न वाजवत लांबून जायचा. तिने कधी सांगितलं नाही, त्याने कधी विचारलं नाही.

बाई उठल्या. "काकू, गाडीत बसा. तूही बस गं."

चौक आला. नवऱ्याने सवयीने डावीकडे वळायचा दिवा लावला. बाईंनी बोटाच्या पेराने समोरच्या फळीवर ठोकलं. ठक ठक. दोन घंटा म्हणजे निघा. आयुष्यभर मागे न बघता त्याने ती घंटा पाळली होती. त्याने दिवा बंद केला आणि गाडी सरळ घेतली. डोळे भरून आले होते त्याचे, पण ड्रायव्हर माणूस, पुसायला हात सोडतोय थोडाच!

काकूंनी कुलूप काढलं. आत लोखंडी खाटा एकीवर एक रचलेल्या. भिंतींवर गुडघ्याएवढ्या उंचीवर पोरांनी काढलेले रंगीत हत्ती आणि मोटारी, धुळीने मळलेल्या. बाई उंबऱ्याशी थबकल्या. पाऊल उचलेना.

"या ना," काकू हळूच म्हणाल्या. "मी इथेच होते तेव्हा. सगळ्यांना गरम पाणी द्यायला."

"मला माहीत नव्हतं."

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत. आणि आपणहून सांगायला माझी जीभ रेटेना."

"कुठे होती ती?" बाईंचा तो रस्ताभर ऐकू जाणारा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"त्या खिडकीपाशी. आधी दाराजवळ खाट दिली होती, पण तिने भांडून हलवून घेतली. मला ऊन पाहिजे म्हणाली. नर्स ऐकेना, तर म्हणते कशी, माझी बहीण आमदार आहे, विचार करा! मग स्वतःच हसत सुटली. दिवसभर उन्हात हात पसरून पडलेली असायची."

बाईंनी तोंडाला पदर लावला. रडत होत्या की हसत होत्या, कळेना. दोन्ही होतं ते. "एवढ्या वर्षांत कधी माझं नाव वापरलं नाही तिने. वापरलं ते खिडकीसाठी!"

त्या आत आल्या, खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि तिथूनच फोन लावला. दोघांनाही, एकापाठोपाठ एक. "मी हॉलमध्ये उभी आहे. बघते आहे. या."

आरोग्याचे साहेब जेवणावरून उठून आले. इमारतींचे साहेब केस कापायला बसले होते, ते एका कानावरचे कापलेले आणि दुसऱ्या कानावरचे तसेच घेऊन आले. बाईंनी दोघांना समोरासमोर उभं केलं.

"तुम्ही उचलायच्या, तुम्ही तपासायचं. ते पहिलं का हे पहिलं, यावर आता माझ्यासमोर भांडून घ्या. मी ऐकते."

एक खालमानेने ट्रक बोलवायला लागला, दुसरा भिंती ठोकून बघायला. ट्रक आला तशी बाईंनी पहिल्या खाटेचं एक टोक स्वतः धरलं, दुसरं नवऱ्याने. "पुढे सरका!" बाई ओरडल्या, आणि रस्त्यावरचे बघेही खाटा उचलायला आत घुसले. रविवारी शाळेची लहान बाकं आली. हत्ती आणि मोटारींवरची धूळ पुसून झाली. संध्याकाळी अर्धवट कापलेल्या केसांनीच साहेब पुन्हा आले आणि परवानगीवर सही करून गेले.

सोमवारी बाईंना राजधानीला निघायचं होतं, पण आधी गाडी हॉलवर थांबली. इस्त्रीवालीने पोर काकूंच्या हातात दिलं आणि मागे न बघता कारखान्याकडे पळाली. पोराने भोकाड पसरलं.

"बाई, याचा पाळणा कुठे ठेवू?" काकू त्याला थोपटत म्हणाल्या.

"खिडकीपाशी. तिथे ऊन येतं," बाई म्हणाल्या. "आणि कोणी हलवायला आलं तर सांगा, याची मावशी आमदार आहे."