सदानंदने गाळलेलं वाक्य

सदानंद गेल्याचं महिन्यापूर्वी त्याच्या पुतण्याने नाशिकहून फोन करून कळवलं. साठीही गाठली नव्हती त्याने. फोन ठेवला आणि कतारला, दोह्यातली अल मुंतझा वस्ती आठवली, शेजारशेजारची आमची घरं, पहाटेची साइटची बस...

फुटबॉल वर्ल्डकपच्या आधीची ती वर्षं. एका स्टेडियमच्या कामावर मी सेफ्टी ऑफिसर होतो, तो चिनी कंत्राटदाराचा दुभाषा. चिनी भाषा तो पुण्यात शिकला होता आणि बसमध्ये मला चीनमधल्या पुढाऱ्यांची बोली समजावून सांगायचा. लाच खाणारा मोठा साहेब तिथे वाघ, छोटा कारकून माशी, कायमची नोकरी म्हणजे लोखंडी वाडगा. "आपल्याकडे सगळं राजकारण खुर्चीत, त्यांचं वाडग्यात," मी चिडवायचो. तो मात्र गंभीर व्हायचा. "अरे, गंमत वाटते तुला. पण कामाला एकदा लढाई म्हटलं की मजुराचा सैनिक होतो. सैनिकाने दमलो म्हणायचं नसतं."

एका मे महिन्यात काम फार मागे पडलं. सकाळी सगळ्यांना उभं करून चिनी मॅनेजर तावातावाने बोलले. शेवटी त्यांच्याकडची एक जुनी घोषणा त्यांनी दिली: किरकोळ जखमेसाठी आघाडी सोडायची नाही. एरवी एक शब्द न गाळणारा सदानंद थांबला... मग हिंदीत म्हणाला, "चक्कर आए तो काम छोड़ दो, छाँव में बैठो."

दहाच्या उन्हात बरीच माणसं सावलीत जाऊन बसली. मॅनेजरनी माझ्यासमोरच त्याला जाब विचारला. त्याने सरळ कबूल केलं. खरं तर ती सूचना देणं माझं काम होतं. मीच त्याला सांगायला लावलं, एवढं म्हणालो असतो तर तो वाचला असता. मी फाइलमध्ये डोकं घातलं. घाबरलो होतो, दुसरं काही नाही. आठवड्याभरात त्याची नोकरी गेली. निघताना एवढंच म्हणाला, "खलास रे. ये कधी नाशिकला."

गेलो, पण तो नसताना. त्याच्या बायकोने, वहिनींनी, चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "भाऊजी, हे सगळ्यांना सांगायचे. ते वाक्य बोलू नकोस म्हणून तुम्हीच अडवलंत ना यांना? यांना फार अभिमान होता तुमचा."

मी मान हलवली. होकारार्थी... वहिनी, ते खोटं होतं. मी अडवलं नव्हतं. तो एकटाच होता.