तीन डोस, तीन हेलपाटे

माझी आई जाईबाई दौंडपासून चार कोसांवरच्या आमच्या गावात सुईण होती. बौद्धवस्तीत राहायची, पण बाळंतपणाला तिला सगळ्या गावातून बोलावणं यायचं. हाताला यश होतं. जिभेला मात्र धार.

१९७१ च्या श्रावणात मला ताप भरला. मी चार वर्षांची. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि मी उठायला गेले तर उजवा पाय हलेना. चिमटा काढला की दुखायचं, पण पाय जागचा उचलला जात नव्हता. शेजारणी म्हणाल्या, "वारं गेलं पोरीवरनं."

वडील दौंडला रेल्वेत खलाशी, आठवड्यातून एकदा घरी येत. आईनं मला कडेवर घेतलं आणि रस्ता गाठला. गावातले मोठे बागायतदार हौसराव कांद्याच्या गोण्यांनी ट्रॉली भरून बाजाराला निघाले होते. आई ट्रॅक्टरला आडवी गेली.

"आप्पा, पोरीला दवाखान्यात न्यायचीय. गोण्यांवर कुठंबी बसते."

हौसरावांनी माझ्या लोंबत्या पायाकडं बघितलं. "न्हाई. माल बाजारात जायचाय, रोगराई नको त्यात. चालत जा."

चाकाचा चिखल आईच्या लुगड्यावर उडाला. ती चार कोस चालली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय वाकवून, सोडून बघितला आणि सांगितलं, "पोलिओ आहे. दोन दिवस आधी आणली असती तरी पाय वाचला नसता, बाई. याला औषध नाही."

पुढं कुणी हौसरावांची बाजू घेतली आणि डॉक्टरांचं बोलणं आईला ऐकवलं, की ती म्हणायची, "पाय वाचला नसता, खरं हाय. पर त्यानं न्हाई म्हणलं, त्ये बी खरं हाय."

आठ वर्षं तिनं ते 'न्हाई' सांभाळलं. हौसरावांच्या घरी सुनेचं, विठाबाईचं बाळंतपणही तिनंच केलं. मुलगा झाला. घरी आल्यावर माझ्या काटकुळ्या पायाला तेल चोळत ती म्हणाली, "नातू झालाय म्हाताऱ्याला. आता बघू."

एकोणऐंशी साली पोलिओचा डोस आमच्या गावात पहिल्यांदा आला. नर्स सिंधूबाई बर्फ भरलेला थर्मास घेऊन एस.टी.नं उतरल्या. पोरं गोळा करायचं काम आईकडं. तिनं जागा ठरवली ती आमच्या वस्तीतल्या विहाराची ओसरी. सावली तिथंच, म्हणाली. हौसरावांनी निरोप धाडला, "बाईंना आमच्या घरी पाठव." आईनं सिंधूबाईंना सांगितलं, "त्यांना डोस नकोय." धडधडीत खोटं. हौसरावांचा आठ महिन्यांचा नातू तसाच राहिला आणि थर्मास परत गेला. त्या दिवशी आईनं गुळाचा शिरा केला.

पंधरा दिवसांनी विठाबाई धावत आली. पोराला ताप होता. आई गेली, मीही काठी टेकत मागं गेले. आईनं पोराच्या तळव्याला नख लावलं. त्यानं दोन्ही पाय झटकन वर घेतले. आईनं पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. पोर रडायला लागलं. ताप साधा होता, दोन दिवसांत गेला. पण त्या दिवशी घरी आल्यावर आई कितीतरी वेळ माझ्या पायाला तेल चोळत राहिली.

मला वाटलं, तिचा राग निवला. ती म्हणाली, "लेकराचा पाय मला नको. म्हाताऱ्याची मान पायजे."

पुढच्या महिन्यात तिनंच निरोप धाडला, "सिंधूबाई कुणाच्या घरी येत न्हाईत. नातू घेऊन आप्पांनी सोता वस्तीवर यावं." नातवाच्या तापानं घाबरलेले हौसराव आले. आईनं त्यांना रांगेत शेवटी, भुईवर बसवलं. त्यांची पाळी आली तशी तिनं सिंधूबाईंच्या हातापुढं हात धरला.

"थांबा, बाई." मग मला हाक मारली. "आप्पा, हिला वळखता?"

"कुणाची पोरगी?"

आईनं सगळं सांगितलं. श्रावण, ट्रॉली, गोण्या, चिखल. हौसराव ऐकत राहिले. "आसंल. माझ्या ध्यानात न्हाई."

आईचा चेहरा राखेसारखा झाला. आठ वर्षं जपलेली गोष्ट त्या माणसाला आठवतसुद्धा नव्हती. "आता ऱ्हाईल ध्यानात," ती म्हणाली आणि बाजूला सरली. पोराच्या तोंडात थेंब पडले.

डोस तीन होते, महिन्या-महिन्यानं. दुसऱ्या वेळी तिनं त्यांना पुन्हा बसवलं, मला उभं केलं आणि सगळ्यांसमोर तेच, त्याच शब्दांत सांगितलं. सिंधूबाई चिडल्या, पण आईशिवाय पोरं कोण गोळा करणार?

तिसऱ्या वेळी ती तोंड उघडायच्या आत हौसराव म्हणाले, "म्हाईत हाय, जाईबाई. मी न्हाई म्हणलं हुतं."

"मोठ्यानं."

"मी न्हाई म्हणलं हुतं!"

आईनं मान हलवली. माफ केलं असं काही म्हणाली नाही.

मी मात्र त्या संध्याकाळी रडले. तीन महिने सगळ्या गावानं माझा पाय बघितला होता. "तू त्याला बसवलंस," मी म्हणाले, "आन् मला उभी केलीस. कुणी इचारलं मला?"

आई चुलीपुढं बसली होती. भाकरी करपली, तरी तिनं उलटली नाही.

त्यानंतर तिनं मला कधी कुणापुढं उभं केलं नाही. दोन वर्षांनी विठाबाईला मुलगी झाली. आईनं तिला वेळेवर, सगळ्यात आधी डोस पाजून घेतला. हौसरावांनी लुगडं पाठवलं, ते तिनं घडीही न मोडता परत केलं.