याले राग येते का?

बायको सत्यवती वारल्यावर सिहोऱ्याचे भैय्यालाल पहिल्यांदाच एकटे मासे घ्यायला तुमसरला आले. घरच्या काचेच्या टाकीत तिचे दोन-चार गप्पी मासेच उरले होते. दुकानदारानं झुपकेदार शेपटीचा निळा फायटर मासा दाखवला आणि भैय्यालाल भुललेच. अशा वेळी सत्यवती त्यांची बाही ओढायची, "रंग काहून पाहून राहिले जी? हा दुसऱ्याच्या शेपट्या तोडते का, ते विचारा."

"याले राग येते का?" त्यांनी विचारलं. दुकानदार खो खो हसला.

भैय्यालालना मात्र हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तो दिवस आठवला. बपेऱ्याला मुलगी पाहायला गेले, तेव्हा चहाचा कप हातात देताना सत्यवतीनं हळूच विचारलं होतं, "तुमाले राग येते का जी?"

ते धडधडीत खोटं "नाही" म्हणाले होते, आणि मग जन्मभर ते खरं करत बसले.