सासूने दिलेली जागा

खून आणि दरोड्यांच्या फायली आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळतात. गोराईच्या परदेशी सुनेची चौकशी मात्र जशीच्या तशी आठवते.

तेव्हा बोरिवलीकडच्या एका पोलीस ठाण्यात परदेशी नागरिकांच्या चौकशा माझ्याकडे होत्या. सून फिलिपिन्सची, नवरा गोराईचा कोळी. आखातातल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये दोघं कामाला होती, तिथेच जमलं. इथे येऊन रीतसर नोंदणी करून लग्न केलं. पत्नी म्हणून राहण्याच्या तिच्या परवान्याला मुदतवाढ हवी होती. काम सरळ होतं. पण एक निनावी पत्र आलं: 'लग्न खोटं आहे, कागदासाठी केलेलं. बाई पहाटे बाहेर पडते ती दुपारी येते. कुठे जाते, विचारा.' माझा अहवाल विरोधात गेला असता तर तिला देश सोडावा लागला असता.

दोघांना बोलावून वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. अशा चौकशीतले प्रश्न ठरलेले असतात. लग्नाला कोण आलं होतं, नवरा चहात साखर किती घेतो, सासूला कसली गोळी चालू आहे. उत्तरं तंतोतंत जुळली. मग विचारलं, "सकाळी काय करता?"

नवरा म्हणाला, "ती घरीच असते ना साहेब. जेवण बनवते."

ती म्हणाली, "मराठी शिकायला जाते. क्लास."

कुठला क्लास, म्हटल्यावर रडायलाच लागली. माझं डोकं आधीच तापट. "बॅग भरायच्या तयारीत राहा," असं बोलून गेलो. बोलायला नको होतं, आजही लाज वाटते.

ती दोघं गेल्यावर आमच्या महिला हवालदार म्हणाल्या, "सर, तिची बोटं बघितलीत? विळीच्या चिरा आहेत. माझी आई मासे विकायची, मला कळतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं साध्या वेशात गोराईच्या कोळणी बसतात त्या मासळी बाजारात गेलो. सूनबाई तिथे ठाण मांडून बसली होती. एका गिऱ्हाइकावर खेकसत होती, "घ्यायचा तं घे, दाबून नको बघू!" मला बघितलं आणि तिच्या हातातली सुरमई खाली पडली.

शेजारी बसलेली सासू मात्र उठून पुढे आली. "ए साहेबा, तिला काय बघतंस? माज्याशी बोल. ही जागा माज्या सासूनं मला दिली, मी हिला दिली. खोट्या सुनेला कोन जागा देतं रे?"

कोळणीची बाजारातली जागा सासूकडून सुनेकडे जाते, एवढं या भागात नोकरी करणाऱ्याला ठाऊक असतं. सोन्याच्या पाटल्या एक वेळ कुणालाही मिळतील, ती जागा मिळत नाही. हवालदार बाईंनी आजूबाजूला विचारल्यावर पत्र कुणाचं, तेही उलगडलं. पलीकडे बसलेल्या, म्हातारीच्या पुतणसुनेचा त्या जागेवर डोळा होता. तिने मान वर केलीच नाही.

"मग खोटं का बोललात?" मी सुनेला विचारलं.

"व्हिसाचा एजंट बोलला, या परवान्यावर धंदा करायचा नाय. सांगितलं तर आईला सोडून जावं लागेल." आई म्हणजे सासू.

एजंट खोटं बोलला नव्हता. मी म्हातारीला नियम समजावला.

"बरा," ती म्हणाली. "धंदा माजा. ती नुसती बाजूला बसंल. पन बसंल."

अहवालात मी जे पाहिलं ते सगळं लिहिलं. सून सासूच्या जागेवर तिच्या मदतीला बसली होती, मजुरी घेत नाही, तोंडी समज दिली आहे. शेवटी लिहिलं, 'विवाह खरा असल्याबद्दल माझी खात्री आहे.' मुदतवाढ मिळाली.

सगळी नोकरी मी माणसांना प्रश्न विचारण्यात घालवली आणि चहातली साखर विचारत बसलो. घरच्यांनी एखाद्या माणसाच्या हाती काय सोपवलंय, हे बघायला त्या म्हातारीने शिकवलं.

निवृत्तीनंतर परवा त्या बाजारात गेलो. सुनेने लांबूनच हाक मारली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून भारतीय नागरिकत्वाचा दाखला काढून दाखवला. तिच्या बोटांना माशांचे खवले चिकटलेले होते.

म्हातारी पाय पसरून शेजारी बसली होती. मी विचारलं, "काय आजी, धंदा कसा आहे?"

"तिला इचार," म्हातारी म्हणाली. "धंदा आता तिचा. मी नुसती बाजूला बसतंय."