कोल्डअण्णांचं शेवटचं गिऱ्हाईक

कोल्डअण्णा गुपित सांगायला लागले की ते आमच्या अख्ख्या गल्लीला कळायचं. हातानं तोंडाला आडोसा करून, अगदी कानाशी लागून ते जे काही सांगत, ते ऐकायला समोरच्या गॅरेजातला वेल्डर हातातलं काम थांबवून उभा राही. "आवं अण्णा, जरा हळू," मी म्हणायचो. "हळूच तर बोलतोय की रं," असं ते ओरडायचे. त्यांचा तरी काय दोष? दिवसभर ते ज्या खोलीत उभे असत तिथं पंख्यांचा नुसता कल्लोळ. पिठाच्या गिरणीवाल्याचा आवाज जसा कायमचा वर चढून बसतो, तसा त्यांचा बसला होता.

मी बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर विकणारा माणूस. सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत माझं दुकान, आणि त्याला लागूनच अण्णांचा गाळा. गाळ्यावर 'डेटा सेंटर' अशी पाटी होती, पण ती वाचून कुणाच्या डोक्यात काही उजेड पडत नसे. दिसायचं ते एवढंच: भिंतीला भलेमोठे एसी, जाडजूड दार, आणि ऐन मे महिन्यात त्या दारातून स्वेटर घालून बाहेर येणारा माणूस. आता सांगलीत असलं काही दिसलं तर ते कोल्ड स्टोरेजच असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. एकदा तासगावकडच्या एका बागायतदारानं बेदाण्याच्या बॉक्सांनी भरलेला टेम्पो सरळ त्यांच्या दाराला उलटा लावला आणि विचारलं, "जागा हाय काय हो?"

दुसरा कुणी असता तर हाकलून दिलं असतं. अण्णांनी त्याला चपला काढायला लावल्या, आत नेलं, सगळं हिंडवून दाखवलं. तो बिचारा दंड चोळत बाहेर आला. "गार तर झ्याक हाय, पर बेदाना ठेवायचा कुठं?" अण्णा पोट धरून हसले. मग स्वतः फोन करून त्यांनी एका खऱ्या कोल्ड स्टोरेजमध्ये त्याची सोय लावून दिली. त्या दिवसापासून ते कोल्डअण्णा. खरं नाव नंतर टपालवालासुद्धा विसरला.

ते आटपाडीकडचे. त्यांचे वडील मेंढरं घेऊन दर उन्हाळ्यात कृष्णाकाठाला उतरायचे. अण्णा मात्र शिकले, बेंगळुरूला गेले, तिथं एका मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये कितीतरी वर्षं राबले. बायको गेल्यावर छोट्या मनीषाला घेऊन परत आले आणि साठवलेलं सगळं ओतून हा गाळा उभा केला. आत एक काळी लोखंडी पेटी, आणि पेटीत कपाटात पुस्तकं उभी लावावीत तसे पातळ पातळ सर्व्हर. त्यांना ब्लेड सर्व्हर म्हणतात. अण्णा म्हणायचे, पाती.

"पूर्वी परतेक धंद्याचा येगळा कॉम्प्युटर, येगळी तुजी बॅटरी, येगळा एसी," ते मला समजावत. "ज्याची त्याची येगळी चूल. हितं वीज एकच, वारा एकच, तारा एकच. पातं मातर ज्याचं त्याचं. एक आजारी पडलं तर वढून काडायचं, बाकीच्यांना पत्ता बी लागत न्हाई." कराडच्या बाजूची एक दूध डेअरी, पाचगणीची एक निवासी शाळा, मिरजेची रक्त तपासायची लॅब, ट्रॅक्टरचे एक डीलर, हळदीचे व्यापारी भाऊसाहेब, अशा पुष्कळ जणांनी त्यांच्याकडं एकेक पातं भाड्यानं घेतलं होतं. डेअरीला गावोगावच्या दुधाचा हिशेब सकाळी चहाच्या आत हवा असे, शाळेला निकालाच्या दिवसांत जादा जोर लागे. कुणाचं काम वाढलं की अण्णा एखादं मोकळं पातं तेवढ्यापुरतं त्याला जोडून देत आणि हंगाम सरला की काढून घेत. कुणालाच स्वतःची खोली नको, माणूस नको, मशीन नको.

त्या पेटीच्या पाठीमागं जाऊन गरम वाऱ्यात तळहात धरायची त्यांना सवय होती. डोळे मिटून म्हणायचे, "आज हळदीचा सौदा जोरात हाय." ही निम्मी थाप असणार याबद्दल मला शंका नाही. पण मी कधी बोललो नाही. खंडेनवमीला गल्लीतली सगळी यंत्रं हळदीकुंकवानं माखायची, अण्णांची पूजा मात्र दाराबाहेर. "देवाला हळद चालती, पंख्याला न्हाई," असं सांगून ते उंबऱ्यावरच नारळ फोडत आणि आत कुणाला अंगारासुद्धा नेऊ देत नसत.

हे सगळं त्यांनी का काढलं, ते त्यांच्या तोंडून गल्लीनं हजारदा ऐकलं होतं. "रविवारी संध्याकाळी स्टँडवर जाऊन बग गड्या. पुण्याच्या गाड्या भरून आपलीच पोरं चालल्यात. आई डबा देती, बाप बॅग चढवतो. हितं काम असतं तर ह्यातलं एक तरी गेलं असतं का?" म्हणून त्यांनी कामाला घेतली ती सगळी इथलीच पोरं. आणि मनीषा कराडच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन आली, ती थेट त्यांच्या शेजारी उभी राहिली. त्या दिवशी अण्णांनी गल्लीला पेढे वाटले. "माजी पोरगी त्या गाडीत बसणार न्हाई," ते म्हणाले. त्यांच्या सगळ्या आयुष्याचं मागणं एवढंच होतं, आणि मला अजून वाटतं की ते काही फार नव्हतं.

मग ते क्लाऊड आलं. आलं म्हणजे काय, कुठल्या तरी लांबच्या शहरात कुणाच्या तरी प्रचंड डेटा सेंटरमध्ये आपला कारभार ठेवायचा, वापराल तेवढंच भाडं द्यायचं. ते विकायला पुण्याहून टाय लावलेली पोरं यायला लागली. पहिली गेली डेअरी. मग शाळा. अण्णा भांडले नाहीत, पाय धरले नाहीत. जाणाऱ्याचा सगळा डेटा स्वतः हातानं उतरवून द्यायचे, पुन्हा पुन्हा तपासायचे, आणि निघताना त्याच्या हातात नारळ ठेवायचे. मला राग यायचा. "आवं, गिऱ्हाईक चाललंय, आणि नारळ कसला देताय?" त्यावर म्हणाले, "घरातनं जाणाऱ्याला रिकाम्या हातानं घालवत्यात व्हय रं?"

पातं निघालं की ती जागा उघडी ठेवून चालत नसे. वारा तिथूनच पळवाट काढतो आणि उरलेली पाती तापतात. म्हणून तिथं एक कोरं झाकण बसवायचं. मी बॅटऱ्या तपासायला महिन्याला एकदा आत जाई आणि दर खेपेला एखाददुसरं झाकण वाढलेलं दिसे. पंखे मात्र तसेच ओरडत. पेटी भरलेली असो नाहीतर मोकळी, तिचं विजेचं पोट काही त्या मानानं लहान होत नव्हतं. कामावरची पोरं एकेक करून त्याच रविवारच्या गाड्यांत बसली. त्यांनाही अण्णांनी नारळ दिले.

शेवटी एकच पातं उरलं, हळदवाल्या भाऊसाहेबांचं. एवढी मोठी पेटी, एवढे एसी, बाप आणि लेक, सगळे एका पात्यासाठी. एका दुपारी अण्णा माझ्या दुकानात येऊन बसले. चहा समोर ठेवला तर हात लावेनात. मनीषाला हैदराबादच्या एका कंपनीनं बोलावलं होतं, तिथल्या क्लाऊडच्याच कामाला. तिनं घरात सांगितलं ते असं: "बोलावणं आलंय. मी नाही म्हणून कळवलं." बास. कारण तिनं सांगितलं नाही आणि अण्णांनी विचारलं नाही.

"माज्यापायी न्हाई म्हणली रं," ते म्हणाले. "ह्या डबड्यात मी तिला कोंडून घातली. ते पातं हाय तवर ती हालायची न्हाई." मी म्हणालो, विचारून तर बघा. तर म्हणाले, "विचारल्यावर खरं बोलंल व्हय? माजीच पोरगी हाय ती."

दुसऱ्या दिवशी मनीषा आत असताना ते फोन घेऊन बाहेर लिंबाखाली आले आणि त्यांनी भाऊसाहेबांना लावला. मनीषाला पंख्यांच्या आवाजात काही ऐकू जाणार नव्हतं. गल्लीला मात्र सगळं ऐकू गेलं. "भाऊसाहेब, तुमी आता क्लाऊडला जावा." पलीकडून भाऊसाहेब काय म्हणाले ते अण्णांच्या तोंडावरूनच कळत होतं: तुम्ही आहात तोवर आम्ही कुठंही जाणार नाही. भला माणूस. त्याच्या भलेपणानंच अण्णांची कोंडी केली. मग अण्णा खोटं बोलायला लागले. "पेटी म्हातारी झाली... पार्ट मिळत न्हाईत... न्हाई, भरवसा न्हाई... उद्या तुमचा सौदा बुडाला तर मला नावं ठेवू नका." ज्या पेटीवर कधी धूळ बसू दिली नाही, तिची त्यांनी भर रस्त्यात अशी नालस्ती केली, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. फोन ठेवून ते माझ्याकडं वळले. "मनीला कळता कामा न्हाई. शपथ घे." मी घेतली. वेल्डरनंही घेतली. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही अशी आमची गल्ली, पण एकानंही तोंड उघडलं नाही.

भाऊसाहेब क्लाऊडला गेले. मनीषा दोन दिवस गाळ्यावर फिरकली नाही. मग हैदराबादला कळवून तिनं बॅग भरली. जाताना मला भेटायला आली तेव्हा एवढंच म्हणाली, "काका, भाऊसाहेबांनीसुद्धा सोडलं बघा." मी तिची बॅग रिक्षात ठेवली. अण्णा तिला पोचवायला गेले आणि येताना चालत आले.

पेटी विकायचा त्यांनी प्रयत्न केला. नुसती पाती कुणी घेईना, कारण त्या पेटीशिवाय ती चालत नाहीत. आणि पेटी कुणी घेईना, कारण असली पेटी आता कुणाला नको होती. शेवटी भंगारवाल्यानं काट्यावर चढवून नेली. अण्णा बघायला थांबले नाहीत. गाळा आता एका पत्रावळ्या करणाऱ्यानं घेतलाय. अण्णा कधीमधी येऊन माझ्याकडं बसत. पोरीचं बरं झालं, पोरगी सुटली, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत आणि मी "व्हय अण्णा" म्हणत असे.

यंदा त्यांच्या छातीत पाणी झालं. मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं आणि मनीषा धावत आली. भाऊसाहेबही भेटायला आले. ती त्यांच्याकडं बघेना, तोंड फिरवून उभी राहिली. भाऊसाहेबांना ते लागलं. "बाळ, मी सोडून गेलो नाही गं. तुझ्या वडिलांनीच मला घालवलं. पेटीचा भरवसा नाही म्हणाले, जा म्हणाले."

मनीषानं माझ्याकडं पाहिलं. "काका, तुम्हाला माहीत होतं?"

मी मान हलवली. शपथ सांगितली, कारणही सांगितलं: तू त्यांच्यापायी अडकलीस असं त्यांना वाटत होतं.

ती भिंतीला टेकली. "मी अण्णांसाठी नव्हते हो थांबले," ती म्हणाली. "मला इथंच राहायचं होतं. ती मोठी पेटी काढून टाकायची, एक लहानसं मशीन घ्यायचं, आणि हळदबाजारातल्या पाचसहा जणांचं काम धरायचं असं ठरवलं होतं मी. दोघांशी बोलणंही झालं होतं. भाऊसाहेब आहेत म्हटल्यावर ते यायला तयार होते. सगळं पक्कं झालं की अण्णांना सांगणार होते." मग ती भाऊसाहेबांकडं वळली. "तुम्ही गेलात, आणि ते दोघं म्हणाले, मग आम्ही कशाला?"

भाऊसाहेब बाकावर बसले. एका घरात राहणारी दोन माणसं, एकमेकांवर जीव टाकणारी, आणि एवढंसं बोलणं झालं नाही! असा संताप आला की कुणाच्या तरी थोबाडीत मारावी. पण कुणाच्या? त्या म्हाताऱ्याच्या? की माझ्याच?

तेवढ्यात सिस्टर बोलवायला आली. मनीषानं तोंड धुतलं, ओढणीनं पुसलं आणि आत गेली. मी तिच्या मागोमाग. अण्णांनी तिचा हात धरला.

"मने, बरं चाललंय न्हवं तुजं?"

"लय बरं चाललंय, अण्णा."

"तितं करमतंय?"

"करमतंय की."

"मग झालं. तेवढीच एक काळजी हुती. माजं कुठं चुकलं का काय म्हणून."

मनीषानं त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. "न्हाई चुकलं, अण्णा. तुमी केलं ते बरोबरच केलं."

अण्णा त्याच आठवड्यात गेले. दारावर येणारा प्रत्येक जण म्हणत होता, समाधानानं गेले, पोरीचं सगळं मार्गी लावून गेले. आणि मनीषा प्रत्येकाला हात जोडून हो म्हणत होती.